कारणाचा रकाना

पुणे, ९ जानेवारी २०११

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघताच आईने ते टेबलावर उपडं ठेवलं आणि पोळ्या लाटायला निघून गेली. काय लिहिलंय म्हणून विचारलंसुद्धा नाही. सतरा वर्षं ती तुमच्याशी बोलत नाही, याची मला सवय झाली आहे असं वाटायचं. पण बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, आता तुम्ही दोघंच उरलात, आणि तरी हे असं. मला फार वाईट वाटतं मामा. एकदा तरी तुम्हा दोघांना समोरासमोर बसवायचं, हे मी मनाशी ठरवलंय.

आता कामाचं. ३१ मेला तुम्ही निवृत्त होणार आणि त्याआधी कारखान्यातल्या पाळ्यांचा तक्ता कॉम्प्युटरवर आणून द्या, असं तुमचे साहेब मानसिंगराव म्हणतात. तुम्ही लिहिता, ‘तक्ता माझ्या डोक्यात आहे, तो काढून कसा देऊ?’ सोपं आहे. चार गट, पहिली-दुसरी-रात्रपाळी-सुट्टी, हा फेरा ठरलेला आहे. तो मी प्रोग्रॅमला सांगते. शहाण्णव माणसं, १९८८ पासून तेवीस वर्षं, रोज एका माणसाची एक ओळ, म्हणजे आठ लाखांवर ओळी होतील. त्या हाताने भरायच्या नाहीत. प्रोग्रॅम स्वतः भरेल. तुम्ही फक्त जिथे जिथे फेरा मोडलात, म्हणजे लाल पेन्सिलीने केलेले बदल, तेवढे पाठवा. ते मी वरून घालते. मग तुम्ही कधी आणि का बदलता, ते आपल्याला दिसेल आणि तेच नियम पुढच्या तक्त्याला लावता येतील.

मॅक्रो म्हणजे काय, विचारलंत. एक्सेलच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेलं काम. बटण दाबलं की फाइल ते आपोआप करते.

दीप्ती


वासणा, बडोदे, २१ जानेवारी २०११

चि. दीप्ती,
अनेक आशीर्वाद.

इमेल कर म्हणून पुन्हा लिहू नकोस. इमेल मानसिंगरावांच्या टेबलावर उघडतं आणि चार जणं मान वाकडी करून वाचतात. फोनचं म्हणशील तर कंप्रेसरने माझे कान केव्हाच खाल्लेत. पत्रच बरं ने, निवांत वाचता येतं.

लाल पेन्सिलीच्या तीन वह्यांची झेरॉक्स पाठवतो आहे. चौकातल्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, ‘काका, आ शुं छे, कोई नी जन्मकुंडळी?’ मी म्हटलं, शहाण्णव जणांची आहे.

तू म्हणतेस नियम काढू. काढ बाई. पण ऐक. शिंपींच्या घरी पाच दिवसांचा गणपती, त्यांना त्या आठवड्यात दुसरी पाळी चालत नाही, आरतीला घरात पुरुष नाही. पटेलची मुलगी दहावीला, मार्चभर त्याला रात्री घरी राहू द्यायचं, ती भुताला घाबरते म्हणून अभ्यासाला बापाला शेजारी बसवते. चौहान आणि परमार सहा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, त्यांना प्लँटच्या एका टॉवरवर चढवायचं नाही. कोणी मला कारण सांगितलं, कोणी नुसतं दारात येऊन उभं राहिलं. मी चेहरा बघायचो आणि पेन्सिल उचलायचो.

महिन्याच्या पंचवीस तारखेला चौकटीचा मोठा कागद टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये जमिनीवर पसरायचो. तुझी मामी कोपऱ्यांवर चार डबे ठेवायची, पंख्याने उडू नये म्हणून. तुझे बाबा दुपारी कारेलीबागेतून स्कूटरवर यायचे, येताना सेव-उसळ बांधून आणायचे आणि रस्सा कागदावर सांडायचे. दर महिन्याला! मार्च एक्क्याण्णवचा तक्ता अजून पिवळा आहे. तुझी आईही यायची. मामीशी आत गप्पा, बाहेर आमची भांडणं. तू तेव्हा कागदावर झोपून जायचीस आणि तुला उचलून बाजूला ठेवल्याशिवाय रविवार भरता यायचा नाही. फार चांगले दिवस होते गं. इतके चांगले होते हे तेव्हा कळलं नाही.

सुहास, तुझी आई, बरी आहे ना? मी विचारलं म्हणून तिला सांगू नकोस.

मामा


पुणे, १३ फेब्रुवारी २०११

ती. मामा, नमस्कार.

सोबतच्या सीडीत फाइल आहे. सांभाळून, मोठी आहे. उघडायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात ‘बंद पडलं’ म्हणून मशीनची वायर काढू नका.

ही फाइल बनवताना माझा जीव गेला. प्रोग्रॅमला ओळी भरता येतात, पण मॅक्रो लिहिता येत नाहीत. म्हणून आधी एक रिकामी फाइल हाताने बनवली, तिच्यात बटणं आणि मॅक्रो ठेवले. मग प्रोग्रॅमने ती उघडायची, तेवीस वर्षांची तेवीस पानं भरायची आणि नव्या नावाने ठेवायची. पहिल्यांदा सगळ्या ओळी एकदम मेमरीत घेतल्या तर कॉम्प्युटर आडवा झाला. मग एका वेळी शंभरच ओळी हातात घ्यायच्या, त्या लिहून खाली सोडायच्या, पुढच्या शंभर घ्यायच्या, असं केलं. शेवटी सगळं झालं तर बाईसाहेबांनी, म्हणजे मी, फाइलच्या नावापुढे साध्या एक्सेलचं शेपूट लावलं. आत मॅक्रो आणि बाहेर पाटी साधी, एक्सेलने दारातूनच हाकललं. अर्धा दिवस मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते. हसा!

उघडल्यावर वर पिवळी पट्टी दिसेल. तिच्यावरचं बटण दाबून परवानगी द्या, नाहीतर मॅक्रो चालणार नाहीत. जिथे तुम्ही फेरा मोडलात त्या चौकटी लाल दिसतील. ज्या दिवसाचा बदल तुमच्या वहीत नाही, तिथे प्रोग्रॅमने फेऱ्याप्रमाणे नाव भरलंय. आणि यंदाच्या नव्या पानावर पाळी बदलायला गेलात की एक खिडकी उघडेल आणि कारण विचारेल. कारण लिहिल्याशिवाय बदल होणार नाही. ही मानसिंगरावांची अट आहे, मला फोन करून सांगितलं त्यांनी.

दीप्ती


वासणा, बडोदे, २४ फेब्रुवारी २०११

चि. दीप्ती, आशीर्वाद.

फाइल उघडली. तेवीस वर्षं एका काचेवर बघत मी जेवणाची सुट्टी विसरलो. पोरी, तू मोठं काम केलंस. आज दत्तू, तुझा बाप, असता तर सगळ्या खात्यात पेढे वाटत फिरला असता.

पण तो कारणाचा रकाना काढून टाक.

आज परमारची पाळी बदलायला गेलो. खिडकी म्हणते, कारण लिहा. काय लिहू? त्याची बायको आठ दिवस माहेरी गेली आहे, परत येते की नाही त्यालाच ठाऊक नाही. हे लिहू? मग ते मानसिंगराव वाचणार, त्यांचा शिपाई वाचणार, संध्याकाळपर्यंत बाजवा गावातल्या चहाच्या लारीवर पोचणार. मी ‘घरगुती’ असं लिहिलं. तर तुझं यंत्र म्हणतं, किमान वीस अक्षरं हवीत! वीस अक्षरं कशाला गं तुला?

कारण लिहायला लागलं असतं तर कितीतरी माणसं माझ्या दारात आलीच नसती. काढ तो रकाना. हे मी तुला मामा म्हणून सांगतो, खात्याचा माणूस म्हणून नाही.

मामा


पुणे, ६ मार्च २०११

मामा,

रकान्याचं नंतर बघू. आधी मला एक सांगा.

फाइलमध्ये मी एक बटण ठेवलं होतं, कोणाच्या वाट्याला किती रात्रपाळ्या आल्या ते मोजणारं. नियम काढायला उपयोगी पडेल म्हणून. काल ते दाबलं. सगळ्यांचे आकडे जवळपास सारखे. फक्त दोन नावं वेगळी. जून १९८९ पासून १९९५ मध्ये आम्ही बडोदं सोडेपर्यंत माझ्या बाबांच्या रात्रपाळ्या सहा. आणि तुमच्या सगळ्यांच्या दुप्पट. पाचशेच्या वर रात्री बाबांच्या होत्या आणि प्रत्येक वेळी लाल पेन्सिलीने तिथे तुमचं नाव.

मला आधी वाटलं प्रोग्रॅम चुकला. तीनदा तपासला. नाही चुकला.

आत्या म्हणायच्या ते मी कधी खरं मानलं नव्हतं. बाळकृष्णने मेव्हण्याला पुढे येऊ दिलं नाही, म्हणायच्या. कंट्रोल रूमच्या पॅनेलवर बढती मिळायला रात्रपाळीचा अनुभव लागायचा, बाबांकडे तो नव्हता, म्हणून त्यांच्या मागून आलेले पुढे गेले. बाबा शेवटी कंटाळून पुण्याला शिकवायला आले. आई यावर कधी बोलली नाही, पण नाही असंही म्हणाली नाही. तिचं तुमच्याशी न बोलणं याचसाठी का? जमिनीवर कागद पसरून, बाबांनी आणलेली उसळ खाऊन, तुम्ही त्यांच्याच नावावर पेन्सिल चालवत होतात?

मला उत्तर हवं आहे. चेष्टा नको.

दीप्ती


वासणा, बडोदे, २ एप्रिल २०११

दीप्ती,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. दत्तूला दिलेला शब्द आज मोडतो आहे. तो रागावणार नाही असं समजतो.

तुझ्या बाबांना रात्री दिसत नव्हतं.

दिवसा डोळे लखलखीत, अंधार पडला की पुढचा माणूस दिसायचा नाही. दर वर्षी थोडं जास्त. औषध नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्याकडे रात्रपाळीच्या माणसाला एकट्याने टॉवरच्या शिडीवर चढून रीडिंग घ्यावं लागायचं. एकोणनव्वदच्या मेमध्ये तो शिडीवरून घसरला. मी खाली होतो म्हणून वाचला. त्याच रात्री त्याने माझा हात धरला. म्हणाला, बाळू, कंपनीला कळलं तर मी घरी बसणार आणि सुहासला कळलं तर ती रोज मरणार. मग मी पेन्सिल उचलली. त्याच्या रात्री माझ्या, माझे दिवस त्याचे. दुसऱ्या पाळीला दिवे लागायच्या आत तो बाहेरची फेरी उरकायचा आणि मग आत बसून लॉगबुक लिहायचा. बढती आली तेव्हा त्यानेच नको म्हटलं. कोणाला काय वाटेल ते वाटू दे, म्हणाला.

तुझी आई माझ्यावर रागावली आहे, नवऱ्याला मागे ठेवला म्हणून. तिला खरं सांगितलं असतं तर राग गेला असता. पण मग तिचा नवरा आयुष्यभर तिच्यापासून काय लपवत होता, हेही कळलं असतं. म्हणून म्हटलं, राग राहू दे.

तिला सांगू नकोस. तुला शपथ आहे.

आता तरी कळलं ना, कारणाचा रकाना का नको?

मामा


पुणे, ११ एप्रिल २०११

ती. मामा,

मला माफ करा. बाबा जिन्यावर नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. मला वाटायचं लाड करताहेत.

रकाना काढला. मानसिंगरावांना सांगितलं, हवा असेल तर दुसऱ्याकडून फाइल करून घ्या. ते म्हणाले, असू द्या बेन, तुमच्या मामांनी मलाही एकदा कारण विचारलं नव्हतं.

शपथ मी मोडली नाही. पण तुमचं पत्र आईने वाचलं. मी आंघोळीला गेले होते आणि या वेळी तिने पाकीट उपडं ठेवलं नाही. बाहेर आले तर ती लॅपटॉपसमोर बसलेली. म्हणाली, ‘चौऱ्याण्णवचं पान काढ. जानेवारी सतरा.’ काढून दिलं. त्या रात्री बाबांच्या नावापुढे ‘रात्रपाळी’ लिहिलं होतं, लाल खूण नव्हती. आईने काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘हे खोटं आहे.’

मग मी झेरॉक्स तपासली. दुसऱ्या वहीत एकसष्टनंतर एकदम त्रेसष्ट पान आहे. माझ्या लक्षातच आलं नाही. बदल सापडला नाही म्हणून प्रोग्रॅमने तिथे फेऱ्याप्रमाणे बाबांचं नाव भरलं, त्या सहाही रात्री याच पानावरच्या. मामा, ते पान तुम्ही मुद्दाम काढून ठेवलंत ना?

आईचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही.

दीप्ती


पुणे, ११ एप्रिल

दादा,

दीप्तीच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलंय की सतरा जानेवारीला हे कामावर होते. नव्हते. घरी होते. मी बाजूलाच होते आणि ते शांत झोपले होते. कामावर तू होतास. आणि टाउनशिपमध्ये वसुंधरावहिनी एकटी होती, दम्याचा एवढा मोठा झटका आला तेव्हा. पान काढून ठेवलंस तरी मला कसं विसरता येईल?

यांना दिसत नाही हे मला लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात कळलं. गरबा बघून परतताना मांडवाचे दिवे मागे पडले आणि यांनी माझ्या शालीचं टोक मुठीत धरलं, घर येईपर्यंत सोडलं नाही. मी विचारलं नाही. त्यांना मला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी न कळल्यासारखी राहिले. बोळातला दिवा मी रात्रभर चालू ठेवायचे आणि मला अंधाराची भीती वाटते म्हणून सांगायचे. त्यांच्या रात्री तू करतोस हेही मला ठाऊक होतं. तक्ता आमच्या स्वयंपाकघरात टांगलेला असायचा, दादा, मला वाचता येतं.

मी तुझ्यावर कधीच रागावले नव्हते. वहिनीच्या तेराव्याला तू माझ्या पानात लाडू वाढायला आलास आणि मला तुझ्याकडे बघवेना. माझा नवरा घरी असावा म्हणून तुझी बायको एकटी गेली. मी कुठल्या तोंडाने तुझ्या घरात येऊन बसणार होते? वन्सं काय वाटेल ते बोलल्या, मी बोलू दिलं. मी रागावले आहे असं सगळ्यांनी समजणं मला सोपं होतं. तूही तेच समजलास.

हे सतरा वर्षं तुला लिहायचं होतं. क्षमा माग म्हणालास तर मागेन, पण मला ती मिळावी असं वाटत नाही.

सुहासिनी


वासणा, बडोदे, १८ एप्रिल २०११

सुहास,

वेडे गं वेडे. किती वर्षं घालवलीस. आणि मीही.

तू जे लिहिलंस ते सगळं खरं आहे, फक्त एक गोष्ट तुला माहीत नाही. वसूला सगळं ठाऊक होतं. मी सांगितलं नव्हतं, दत्तूनेही नाही. तू तुझ्या स्वयंपाकघरात तक्ता वाचलास तसा तिने तिच्या जमिनीवर वाचला असणार.

सतरा तारखेला दुपारपासून तिला थोडा दम लागत होता. मी म्हटलं, आज जात नाही, दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो. ती म्हणाली, आता ऐन वेळी कोण मिळणार, मग दत्तूभावोजींनाच चढावं लागेल. तिने स्वतः डबा भरला, माझ्या हातात दिला आणि दारापर्यंत आली. म्हणाली, ‘जा तुम्ही. सुहासला आज झोप लागू दे.’

तिने मला म्हटलेलं हे शेवटचं वाक्य. त्यात तुझं नाव आहे. ते तुला कसं सांगू, तुला आणखी लागेल, म्हणून पान काढून ठेवलं आणि हेही ठेवलं. आज तुझं पत्र वाचल्यावर कळलं की हे तुझंच होतं, मी उगाच धरून बसलो होतो.

तिने ते कुरकुर करत म्हटलं नाही, सुहास. हसत म्हटलं.

आता ये.

दादा